उठायला नको

ये नंदाबाई, बस. पाऊस ओसरेपर्यंत तरी बस. कुणी सोबतीला असलं म्हणजे मला बोलवतं, नाहीतर ही गोष्ट मी कुणाला सांगत नाही.

घाटात विजेची इंजिनं यायच्या आधीची गोष्ट. लोणावळ्याला रेल्वेच्या चाळीत आमची खोली होती. आमचे हे बँकर इंजिनावर आगवाले, म्हणजे घाट चढणाऱ्या गाडीला मागून ढकलतं ना, त्या इंजिनाच्या भट्टीत कोळसा टाकायचं काम. पाळी रात्रीची, झोप दिवसाची. आणि दिवसा चाळीत झोपायचं म्हणजे भर बाजारात अंथरूण टाकायचं. वर कौलांवर श्रावणाचा मारा, खाली बायकांचं धुणं धोपटणं, पोरांची भांडणं. यांचा डोळ्याला डोळा लागेना. एकदा तर फावड्यासकट भट्टीच्या तोंडावर झुकले. ड्रायव्हरने मागून सदरा धरला म्हणून वाचले. लग्नाला वर्षही झालं नव्हतं माझ्या.

मी तडक वाहिदभाई अत्ताराचं दुकान गाठलं आणि म्हटलं, झोपेचं काहीतरी जालीम द्या. तर तो माणूस उलटतपासणीच घ्यायला लागला.

"कुनाला पायजे? वय काय? दारू घेतो का? खोकल्याचं औषध चालू हाय? कामावर कवा जातो?"

"तुमी अत्तार हाय का फौजदार?" मी म्हटलं.

तो हसला नाही. "वहिनी, खोकल्याच्या औषधात अफू असती. त्यावर आनखी झोपेचं पोटात गेलं तर मानूस उठत न्हाई. जो न इचारता देईल त्याच्याकडनं कधी घेऊ नका." मग त्याने एक जायफळ माझ्या हातावर ठेवलं. "सहाणेवर दुधात उगाळून एक वेढा. जास्ती न्हाई."

त्या एका वेढ्याने मुंगीसुद्धा झोपली नसती. काही दिवस उगाळून पाहिलं आणि एका दुपारी चिडून पुन्हा बाजाराची वाट धरली. म्हटलं, आज भांडूनच औषध आणायचं.

धुकं असं उतरलं होतं की भर दुपारी लोकांनी कंदील लावले होते. स्वतःची पावलं दिसत नव्हती. बाजारात एरवी केवढा कालवा, पण त्या दिवशी पागोळ्यांशिवाय आवाज नाही. अत्ताराचं दुकान मला उदाच्या वासाने सापडलं. पण त्या वासाच्या खाली दुसरा एक वास होता, बरेच दिवस कोंडून ठेवलेल्या ओल्या गोधडीचा. वाहिदभाई गल्ल्यावर नव्हते. आत अंधारात एक बाई उकिडवी बसून सहाणेवर काहीतरी उगाळत होती. खर्र… खर्र… पदर नाकापर्यंत ओढलेला. मला वाटलं, त्यांची आई असेल.

"मावशी, झोपेचं पायजे हुतं."

ती उगाळत राहिली. ना वय विचारलं, ना दारू. मला बरंच वाटलं, चला, हिच्याकडे फौजदारी नाही. मग तिने एवढंच विचारलं, तेही इतकं हळू की मला वाकावं लागलं.

"उठायला पायजे का त्याला?"

औषध बाप्याला हवंय हे मी सांगितलंच नव्हतं. पण तेव्हा ते कुठे ध्यानात येतंय! माझ्या डोळ्यांपुढे चाळीतला गोंगाट. मी म्हटलं, "छ्या! उठायला नको. अजिबात उठायला नको."

"नको…" ती म्हणाली. "बरं."

सहाणेवरचा हात थांबला. मी औषधासाठी हात पुढे केला, पण तिने काहीच दिलं नाही.

"जा. झोपला."

म्हटलं, म्हातारीचं डोकं फिरलंय. बडबडत घरी आले तर खरंच हे खाटेवर गाढ झोपलेले. मला केवढा आनंद झाला म्हणून सांगू! शेजारणींना दटावून मी धुणं बंद करायला लावलं.

दिवेलागणीला इंजिनाच्या शेडवर जायचं, म्हणून हाक मारली. उठेनात. खांदा हलवला, तोंडावर पाणी मारलं. पापणी हलेना. श्वास होता, पण बोट नाकाशी धरून वाट पाहावी लागे. मी अनवाणी धावत सुटले आणि वाहिदभाईंना दुकानातून ओढूनच आणलं.

त्यांनी यांचं तोंड हुंगलं, डोळे उघडून पाहिले. "काय दिलंत?"

"काय बी न्हाई. तुमच्या दुकानातल्या मावशीनं…"

"माझ्या दुकानात कुनी बाई बसत न्हाई." त्यांचा आवाज खाली गेला. "तिनं काय इचारलं?"

मी सांगितलं.

"आनि तुमी काय बोललात?"

"उठायला नको म्हनले…"

वाहिदभाई खाटेपासून मागे सरकले. "वहिनी… जावा. शब्द मागं घ्या."

कुठे जायचं हे विचारावं लागलं नाही. बाहेर पडवीच्या टोकाला, नळापाशी, धुक्यात आवाज येत होता. खर्र… खर्र… तो गोधडीचा वासही आला. आत माझा माणूस जात होता. मी तिच्यापुढे बसकण मारली.

"मावशी, माझं चुकलं. उठायला पायजे त्यास्नी. मला पायजेत ते…" मला रडू आवरेना.

हात थांबला.

"मग कुनी नको उठायला?"

नंदाबाई, खोटं कशाला बोलू? नावं जिभेवर आली. सासूचंही आलं. मी पदराचा बोळा तोंडात कोंबला आणि मान हलवत राहिले, नाही, नाही. ती वाट बघत बसली. किती वेळ ते देव जाणे. मग आतून यांचा खोकला ऐकू आला. मी वळून पाहिलं, पुन्हा समोर पाहिलं, तर नळापाशी नुसती ओली फरशी.

हे उठून बसले होते. चहा मागितला. पहिला घोट घेऊन म्हणाले, "सपनात एक बाई सारकं इचारत हुती, कुनी नको उठायला. सोडंनाच. मग मी एक नाव घेतलं, तवा सोडलं तिनं."

"कुनाचं?"

"काय की. वळखीचं न्हवतं. आता आठवत न्हाई बघ."

त्यानंतर आयुष्यभर मी रोज सकाळी घरातल्या प्रत्येकाला हलवून उठवत आले. पोरं चिडायची, आता सून चिडते. वर्षं गेली, सगळे उठत राहिले. मी मनाला समजावलं, स्वप्नातलं बोलणं ते.

परवा नातवाचं बारसं झालं. लेकीने बाळाच्या कानात कुर्र करून नाव सांगितलं, बजरंग. बाकावर हे पेढा खात होते. घास तसाच तोंडात राहिला.

"सरू," मला जवळ बोलावून म्हणाले, "ह्येच. ह्येच नाव गं."

सून म्हणते, कानात सांगितलेलं नाव बदलत नाहीत. तिला काय सांगू? हा बघ, दुपारी दूध पिऊन झोपलाय. भुकेची वेळ टळून गेली. केव्हापासून हात पुढे करते आणि मागे घेते. मला धीर होत नाही गं. तू हाक मार त्याला.

पण नावाने नको.