कान तोडलेली कॅसेट

तो मोबाइल ठेव बाजूला, भाचीबाई, आणि तुम्ही दोघं जरा जवळ सरका. माझा आवाज आता लांब जात नाही. भुताची गोष्ट हवी ना? मग आधीच सांगतो, मी भूत पाहिलेलं नाही. माझ्या मित्राने ऐकलं. पण ज्या कॅसेटपायी ऐकलं ती मी याच हातांनी दुरुस्त केली होती, म्हणून छातीठोकपणे सांगतो.

हा मित्र चष्म्याच्या दुकानात काचा घासायचा. इतका हळू बोलायचा की गिऱ्हाईक वाकून ऐकायचं. आणि स्वतः ऐकायचा काय, तर हेवी मेटल! ... नाही गं, ते किंचाळत नाहीत, गातात. तुझी आई तुला सकाळी उठवते ना, ते किंचाळणं. आम्ही त्याला कानफाट्या म्हणायला लागलो, आणि एकदा कानफाट्या नाव पडलं की पडलं. वहिनीसुद्धा फोन करून विचारायच्या, "आमचे कानफाटे तुमच्याकडे आलेत का हो?"

त्याच्याकडे अकराशे कॅसेट होत्या. कंपनीच्या, दुकानात मिळतात तशा नव्हेत. कार्यक्रमाला गेलेल्या कुणीतरी गर्दीत उभं राहून, शर्टाच्या आत छोटा टेपरेकॉर्डर लपवून भरलेल्या. अशा कॅसेटमध्ये गाण्याबरोबर गर्दीही येते. कुणी खोकतं, कुणी मित्राला हाक मारतं, कुणाचा तरी पाय तुडवला जातो. आणि सगळ्यात जवळून येतो तो भरणाऱ्याचा श्वास. म्हणून या मंडळींचा एक नियम असतो. भरणाऱ्याने तोंड उघडायचं नाही. एक शब्द बोललास, तर गाणाऱ्यापेक्षा तुझाच आवाज मोठा. कॅसेट वाया.

लोकांना वाटायचं, छंद आहे. छंद नव्हता. तो एकच कॅसेट शोधत होता.

त्याला एक धाकटा भाऊ होता. एकोणीस वर्षांचा. थोरला जितका मुखदुर्बळ तितका हा बडबड्या. लहानपणी सायकलवरून पडून नाकाचं हाड वाकलं होतं, त्यामुळे श्वास घेताना बारीक शिट्टी वाजायची. बोलत नसला की शिट्टी, शिट्टी नसली की बोलणं. घरात आवाज नाही असं कधी व्हायचंच नाही.

एका मोठ्या कार्यक्रमाला दोघं जाणार होते. ऐन वेळी थोरल्याच्या अंगात ताप. मग त्याने टेप धाकट्याच्या शर्टाच्या आत बांधला आणि त्याला दारात उभं करून बजावलं, "काही झालं तरी आवाज काढायचा नाही. घरी ये, मी टेप बंद करतो, मी 'बोल' म्हटलं की मगच बोलायचं."

"आणि शिंक आली तर?"

"गिळायची."

"बरं बाबा. तुझा हा पत्र्याच्या भांड्यांचा खडखडाट भरून सुखरूप येतो."

त्या रात्री पुढचा कठडा कोसळला. गर्दी अंगावर आली. शेजारी उभा असलेला माणूस दुसऱ्या दिवशी घरी येऊन रडला. म्हणाला, "तो पायाशी होता हो. पण ओरडलाच नाही. ओरडला असता तर आम्ही ओढून काढला असता."

टेप सापडला नाही.

त्यानंतर एकोणतीस वर्षं कानफाट्या जुन्या कॅसेट गोळा करत राहिला. त्याला एवढंच हवं होतं, की त्या रात्रीच्या एखाद्या फितीत गर्दीतून धाकट्याची एक आरोळी ऐकू यावी. एक तरी. म्हणजे तो आपल्या शब्दापायी मुका राहून मेला नाही, एवढं मनाला सांगता आलं असतं. हे त्याने मला एकदाच सांगितलं. मी चहा गाळत होतो. चहा तसाच राहिला.

गेल्या वर्षी नोव्हेंबरची बारा तारीख, मंगळवार. दुसऱ्या गावाहून कानफाट्याला एका बाईंचा फोन आला. नवरा वारला होता, घरात कॅसेटचं एक खोकं होतं. हा दुपारच्या गाडीने गेला. तो कार्यक्रम झाला त्याच सभागृहात नवरा झाडलोट करायचा. लोकांचं पडलेलं न्यायला कुणी आलं नाही की घरी आणून ठेवायचा. छत्र्या, किल्ल्या, एकेकटे बूट. बाई म्हणाल्या, "कॅसेट घेऊन जा, पण खोकं परत पाठवा. खोकं चांगलं आहे."

खोक्यात तळाला एक कॅसेट होती. नाव नाही, तारीख नाही. कोपऱ्यात दोन तांबडे ठिपके. चष्म्याच्या काचेचा मध्य दाखवायला देतात ना, त्या रंगाचे. स्वतःच्या कोऱ्या कॅसेटवर कानफाट्या एक ठिपका द्यायचा. धाकट्याच्या कॅसेटवर दोन.

तो सरळ माझ्या टेपदुरुस्तीच्या दुकानात आला. खोळ फुटली होती, आतली फीत तुटली होती. मी फीत जोडली, नव्या खोळीत बसवली, ठिपक्यांचा तुकडा कापून वर चिकटवला. फीत तुटली होती ती दुसऱ्या बाजूला, बाविसाव्या मिनिटाच्या आसपास. तिथून पुढे शेवटपर्यंत मी आवाज मोठा करून चालवून पाहिलं. कोरी. नुसती फितीची सरसर. मग त्याच्यादेखत कॅसेटचे दोन्ही कान तोडले. कॅसेटच्या पाठीला प्लास्टिकचे दोन चिमुकले कान असतात. ते तोडले की तिच्यावर पुन्हा काही भरता येत नाही. चुकून पुसली जायला नको, म्हणून.

"जोडाच्या मागचं ऐकू या का दोघं?" मी विचारलं.

"नको. मी ऐकतो."

चौदा तारीख, गुरुवार. रात्री नऊ वाजून दहा मिनिटांनी त्याने कॅसेट लावली. वहिनी आतल्या खोलीत होत्या. पुढचं मला दोघांनीही सांगितलं, वेगवेगळं, आणि दोघांचं तंतोतंत जुळलं.

आधी गर्दी. मग ढोल, गिटार. आणि अगदी कानाशी... ती शिट्टी. आत, बाहेर. आत, बाहेर. कानफाट्याने गुडघे घट्ट धरले. पंचेचाळीस मिनिटं तो गाणं ऐकतच नव्हता. शिट्टी ऐकत होता.

बाजू पालटली.

विसाव्या मिनिटाला गर्दीचा आवाज बदलला. श्वास आखूड झाला. कापड घासलं. काहीतरी मोडलं. लोक ओरडायला लागले. सगळे... एक सोडून. शिट्टी चालू होती. घाईघाईने. मग तुटक. मग...

खट.

पुढे कोरी फीत.

त्याने टेप बंद केला नाही. खूप वेळाने म्हणाला, "ओरडायचं होतंस रे. माझं कसलं ऐकत बसलास? फीत गेली असती तर गेली असती..."

दाराची बिजागरी कुरकुरली. वहिनी. "अहो, पुरे करा आता. चला झोपायला."

तो उठला नाही. फीत सरसरत होती.

"तुमचं नाक वाजतंय का?" वहिनींनी विचारलं.

"नाही."

"मग..."

बारीक शिट्टी. आत... बाहेर.

त्याला वाटलं, टेपमधून येतेय. त्याने आवाज कमी केला. अगदी शून्यावर आणला. सरसर थांबली.

शिट्टी थांबली नाही.

त्याने स्वतःचा श्वास रोखला. वहिनींनी तोंडावर हात धरला.

आत... बाहेर.

डावीकडून. रिकाम्या खुर्चीतून.

मग फीत संपली. खट. आणि शिट्टीही.

सकाळी मी दुकान उघडायच्या आधी तो पायरीवर बसला होता. कॅसेट रुमालात गुंडाळलेली. रात्रीचं सगळं त्याने सांगितलं. मी म्हटलं, माणूस एकोणतीस वर्षं जे ऐकायला तडफडतो ते त्याला भिंतीतूनही ऐकू येतं. मन चिंती ते... "दुसरी बाजू लाव," तो म्हणाला. "जोडाच्या पुढे."

मी जोडाच्या पुढची फीत लावली. तीच कोरी फीत, जी मी शेवटपर्यंत ऐकली होती.

कोरी नव्हती.

खोली होती. घड्याळाची टिकटिक होती. आणि लांबून, जसा स्टेजवरचा माणूस लांबून ऐकू येतो तसा... कानफाट्याचा आवाज. "ओरडायचं होतंस रे." मग बिजागरी. मग वहिनी, "पुरे करा आता." सगळं लांबून. आणि सगळ्यात जवळ, अगदी कानाशी, भरणाऱ्याचा श्वास. त्याला शिट्टी होती.

... हो, भाचीबाई, ठाऊक आहे काय विचारणार आहेस. त्याच्या टेपला रेकॉर्डिंगचं बटणच नाही. नुसता वाजतो. मीच विकलेला.

"बघितलंस?" कानफाट्या म्हणाला. "अजून भरतोय. मी सांगितलं नाही ना अजून..."

मी बंद करायला हात पुढे केला. त्याने माझं मनगट धरलं.

फितीवर वहिनींचं नाक वाजण्याबद्दलचं बोलणं झालं. मग दोघांची शांतता. फीत संपत आली होती, चाकावर चार वेढे उरले असतील. आणि मग अगदी जवळून, हळूच, वर्गात परवानगी मागावी तसं...

"दादा... आता बोलू?"

"बोल!" कानफाट्या ओरडला. जन्मात मी त्याला मोठ्याने बोलताना ऐकलं नव्हतं. त्याने टेप दोन्ही हातांनी धरला होता. "बोल रे, बोल! बोल की!"

खट.

पुढे फीतच नव्हती.

... रडू नकोस. हसतोयस कशाला रे तू? हसू येत नाहीये तुलाही, कळतंय मला.

मी कॅसेट काढली, खिडकीशी नेली, पाठ उजेडाला धरली. भोकं बुजवली तरच पुन्हा भरता येतं; पण चिकटपट्टी नाही, डिंक नाही. दोन उघडी भोकं. कान होते माझ्या डबीत, जिथे मी ते तोडून टाकले होते तिथेच.

अजून आहेत. ही ती डबी. हात पुढे कर.

... घे की. प्लास्टिकचेच आहेत.