तिघांनी न्यायचे फूल

सकाळी सातला खिंडीखालच्या उतारावर दरड कोसळली आणि वाट दाखवणाऱ्या बाईचा, वाटाडीचा, उजवा पाय गुडघ्याखाली मोडला.

फुले तोवर हाती आली होती. मूठभर पांढरी निवांती एका चपट्या पिशवीत, मामाच्या शर्टाच्या आत, छातीशी बांधलेली होती.

ती न्यायची होती किनाऱ्यावरच्या शहरातल्या इस्पितळात. तिथे एका कंपाउंडरची लहान मुलगी पडून होती. अंथरुणातसुद्धा तिचे काळीज जिना चढून आल्यासारखे धडधडत असे. निवांतीचा ताजा अर्क मिळाला तरच पुढचे बोलता येईल, असे डॉक्टरांनी सांगितले होते. म्हणून कंपाउंडर आणि त्याचा मेहुणा, म्हणजे मुलीचा मामा, वरच्या देशातली एक वाटाडी घेऊन पर्वतावर आले होते.

निवांती हृदय संथ करते. किनाऱ्यावर तिचे थेंब देतात. वरच्या देशात बाळंतपण अडले की सुईणी तिचे फूल बाईच्या मनगटावर बांधतात. पर्वतापलीकडच्या वाळवंटी देशात मात्र ती फक्त मरणाऱ्याच्या जिभेखाली ठेवतात. तिथे पोरासाठी निवांती मागितली, तर दुकानदार दार लावून घेतो.

अडचण फूल तोडल्यावर सुरू होते. गारठा लागला की ते काळे पडते आणि गुण जातो. बाटलीत ते कुजते. कंपाउंडरने मुद्दाम बनवून आणलेल्या गरम पाण्याच्या डब्यातही कुजले. त्याला माणसाच्या अंगाचीच ऊब लागते, आणि छातीशी बांधले की नेणाऱ्याच्या अंगातही ते उतरत जाते. म्हणून वरच्या देशात निवांती तिघांनी आळीपाळीने नेतात. एकाच्या अंगावर फूल असते, तोवर बाकी दोघांची छाती मोकळी होते. दोघांत तेवढा विसावा मिळत नाही.

आता दोघेच उरले होते.

त्यांनी वाटाडीच्या पायाला फळ्या बांधल्या, तिला मेंढपाळांच्या दगडी खोपीत नेले, जवळ घोंगड्या, सरपण आणि खाणे ठेवले. खालची नदी एकट्याने ओलांडता येत नव्हती. मदत आणायची तर दोघांनाही जाणे भाग होते.

"जा, पण फुलं इथेच टाका," वाटाडी म्हणाली. "दोघांत जात नाहीत ती. माझे दोन भाऊ असेच निघाले होते."

कंपाउंडर पिशवीकडे बघत राहिला. मामाने शर्टाची बटणे लावली आणि तो चालू लागला.

मामा बसड्रायव्हर. तोंड मिटत नसे म्हणून घरात त्याला हॉर्न म्हणत. चढताना साऱ्या वाटेने त्याने कंपाउंडरच्या चहाची टर उडवली होती: तो चहा चमच्यानेच घ्यावा, तोही डॉक्टरांना विचारून.

बर्फाळ उताराच्या माथ्यावर पिशवी कंपाउंडरकडे आली. वारा सुटला. गारा झोडपू लागल्या. अर्ध्या उतारावर कंपाउंडरला आपले पाय परक्याचे वाटू लागले. तो खाली बसला, आणि बसणे त्याला फार बरे वाटले. मामाने पिशवी काढून घेतली आणि त्याच्या दोन थोबाडीत मारल्या. ताईच्या लग्नापासून मनात होतं, असे म्हणत त्याने त्याला उठवले.

त्यानंतर पिशवी त्याने परत दिली नाही. कंपाउंडरने मागितली की पुढच्या वळणावर देतो म्हणे, वळण आले की त्या खडकापाशी. नाडी बघायला हात पुढे आला की बाह्या खाली ओढी. मग तो बोलेनासा झाला. वाऱ्याच्या आवाजात कंपाउंडरच्या ते उशिरा लक्षात आले.

तोवर नदी आली होती.

कंपाउंडर आधी पलीकडे गेला. त्याने दोन्ही दोर खडकाला गुंडाळले. मामा पाण्यात उतरला. कमरेला एक दोर, हातात दुसरा. मधोमध पोचला आणि त्याची दोरावरची मूठ सुटली!

पाण्याने त्याला आडवे केले. कंपाउंडरने खडकाला पाय लावून ओढले. दोर तळहातात रुतला. पुन्हा ओढले! मामाचे डोके बुडाले, वर आले, पुन्हा बुडाले. एक हात मात्र शेवटपर्यंत पाण्याबाहेर होता. त्या हातात शर्टातून ओढून काढलेली पिशवी होती.

काठावर कंपाउंडरने पिशवी काढून घेतली आणि त्याची नाडी धरली. एक ठोका. मग वाट पाहावी लागली. मग दुसरा.

"इकडे द्या ती," मामा कसाबसा म्हणाला. "तिला मामा अजून दोन आहेत, भाऊजी. बाप एकच आहे."

कंपाउंडरने पिशवी उघडली. फुले अजून पांढरी होती. सगळी नेली तर त्याची स्वतःची छाती रस्त्यापर्यंत टिकणार नव्हती, आणि तो पडला तर मामाला उचलायला कुणी उरणार नव्हते. त्याने निम्मी फुले नदीत सोडली. उरलेली आपल्या छातीशी बांधली. निम्म्यात मात्रा पुरेल का, ते त्याला माहीत नव्हते. एवढी कमी कुणी कधी आणलीच नव्हती.

मग त्याने मेहुण्याला पाठीवर घेतले. झाडीतून तो पाच पावले चाले आणि एखाद्या बुंध्याला टेके. बसायचे नाही, एवढेच तो स्वतःला बजावत होता. लाकूडवखारीच्या रस्त्यावर एका ट्रकवाल्याला ते दिसले. त्याने दोघांना गाडीत घातले आणि वखारीतली माणसे स्ट्रेचर घेऊन खोपीकडे पाठवली.

दुसऱ्या दिवशी इस्पितळात अर्क काढला गेला आणि मुलीला पहिले थेंब दिले. तिचे ठोके किंचित उतरले आहेत. एवढ्यावरून काही सांगता येणार नाही, असे डॉक्टर म्हणतात. शेजारच्या खोलीत मामा गरम पाण्याच्या पिशव्यांमध्ये झोपवलेला आहे. त्याने डोळे उघडलेले नाहीत. त्याची बहीण या खोलीतून त्या खोलीत जाते आणि कुठेच बसत नाही.

वाटाडीला सुखरूप खाली आणले आहे. तिचा पाय वाचेल. संध्याकाळी वखारीतून तिचा फोन आला. तिने एवढेच विचारले, की किती जण पोचले.

निरोप कंपाउंडरला दोन्ही दारांच्या मध्ये उभा असताना मिळाला. उत्तर अजून गेलेले नाही.