दिनविशेषाखालची ओळ

दत्तोबा जिना चढून आला तो धापा टाकतच. कळस गावच्या वाचनालयात तो पुस्तकं सांभाळायचा आणि रोज सकाळी ओसरीवरच्या फळ्यावर दिनविशेष लिहायचा. आज कुणा कवीचा जन्म, कुणा राजाचा राज्याभिषेक, कुठली तरी लढाई.

"बिरदेवराव, माझी नोकरी वाचवा. मी दुपारी जेवायला गेलो की माझ्या दिनविशेषाखाली कुणीतरी ओळ लिहितंय. आन् अध्यक्ष आबासाहेब म्हणत्यात, तूच लिहितूस."

बारामतीत खासगी तपासाची कामं करणारे बिरदेव कोकरे यांनी त्याच्यापुढे खुर्ची सरकवली. त्यांचे जोडीदार दादासो यांना हसू आवरेना. चोरीच्या मोटारी शोधणाऱ्यांनी आता खडू शोधायचा?

"काय लिहिलंय?" बिरदेवांनी विचारलं.

"आदी लिहिलं, 'आज आमी हितं आलो. मेंढरं थांबली.' मग 'आज हिरीला पानी लागलं.' आन् काल, 'आज सारजा गेली.'"

"सारजा कोण?"

"आबासाहेबांची आजी. वाचनालय तिच्याच नावाचं हाय. पुढल्या आठवड्यात तपासणीला साहेब यायचेत. तवर माणूस घावला न्हाय, तर आबासाहेब मला घरी बसवणार."

दादासोंचं हसू मावळलं.

दुपारी तिघं एसटीनं कळसला उतरले. नागपंचमी परवाच झालेली. झाडांना झोके तसेच होते. देवळाच्या भिंतीवर साक्षरता अभियानाची घोषणा रंगवलेली होती. वाचनालय देवळाला लागूनच.

अध्यक्ष आबासाहेब ओसरीवर तावातावानं येरझाऱ्या घालत होते. त्यांनी आजीच्या तसबिरीकडे बोट केलं.

"वाचा! निधन चौदा ऑगस्ट, एकोणीसशे चौसष्ट. चौदा तारीख अजून लांब हाय. लिहिणाऱ्याला तारीखबी धड ठावं न्हाय. निव्वळ थट्टा!"

"तुमचा संशय कुणावर?"

"या दत्तोबावर. न्हायतर रविराजवर. वाचनालयाच्या निवडणुकीत पाडलं मी त्याला."

रविराज आतच पेपर वाचत होता. तो शांतपणे म्हणाला, "मला टोमणा मारायचा असता तर यांच्यावर मारला असता. मेलेल्या म्हातारीनं माझं काय केलंय?"

बिरदेवांनी ओलं फडकं घेऊन फळा पुसला. खडू गेला, पण खालच्या बाजूला बारीक ओरखडे तसेच राहिले. फळा जुना झालाय, असं दादासोंना वाटलं.

"या वेळी इथं कोण असतं?"

"कोण असणार? देवळात बायका रोज भजनाला जमत्यात, तेवढंच. माझी आईबी असती," आबासाहेब म्हणाले.

देवळात इतकी शांतता होती की दादासोंना जांभई आली. थोड्या वेळानं बायका बाहेर पडल्या. आबासाहेबांची आई कुशाबाई मागं राहिली आणि पायरीवर टेकली.

"आजी, फळ्यावर कोण लिहितंय, काही पाहिलंत?" बिरदेवांनी विचारलं.

"मला अडाणी बाईला काय कळतंय, लेकरा? काळ्यावर पांढरं, एवढंच."

तेवढ्यात फाट्यावर एसटी थांबली. दत्तोबा म्हणाला, "या टायमाला बारामतीचीच येती." दादासो पिशवी घेऊन उठले. कुशाबाईनं उन्हात डोळे बारीक केले.

"बसा खाली. आज इंदापूरची हाय."

दादासो तरी जाऊन आले. खरंच इंदापूरची होती.

बिरदेव पहिल्यांदाच हसले. त्यांनी सगळ्यांना ओसरीवर बसवलं.

"दत्तोबा शुद्ध लिहितो, रविराजही शिकलेला. ओळींमध्ये मात्र बोलतो तसंच आहे, 'आमी', 'हितं'. ओरखडे पाटीवरच्या पेन्सिलीचे. खडूनं फळ्यावर ओरखडे उठत नाहीत. म्हणजे कुणीतरी नुकतंच पाटीवर शिकतंय. पण पोराला सारजाबाई कशा आठवतील?"

"पण तारीख चुकली की!" आबासाहेब म्हणाले.

"नाही चुकली. चौसष्ट साली चौदा ऑगस्टला नागपंचमीचा दुसरा दिवस होता. मघाशी वाचनालयातल्या जुन्या पंचांगात पाहिलं मी. यंदा तो काल झाला. लिहिणाऱ्या माणसानं तारीख धरली नाही, सण धरला. तो माणूस त्या दिवशी घरात होता." बिरदेवांनी आवाज खाली आणला. "देवळात भजन असतं, पण टाळ वाजत नाही. तिथं साक्षरतेचा वर्ग भरतो. आणि आजी, गाडी रोजची नव्हती. तुम्ही तिची पाटी वाचलीत."

कुशाबाईनं पदर सावरला.

"व्हय," कुशाबाई म्हणाली. "दत्तोबा, तुझ्या पोटावर पाय येतोय हे ठावं नव्हतं रं. न्हायतर कवाच सांगितलं असतं."

"आई, मला का न्हाय सांगितलंस?"

"तूच म्हणाला हुतास, अध्यक्षाची आई पाटी घिऊन बसली तर लोक हसतील. मला वाचाय यायला लागलं, तसं रोज फळा वाचाय लागले. राजं हायेत, लढाया हायेत. म्हणलं, मेंढरं घिऊन रानोमाळ फिरनारी आमी मानसं. सासूबाईनं ह्या रानात ठाण मांडलं, हीर पाडली. त्याचा बी दिस आसंलच की कुठला तरी."

आबासाहेबांनी दत्तोबाचा हात हातात घेतला. मग ते उठून आईच्या शेजारी जाऊन बसले.

"आई, माझा जन्म कवाचा गं? शाळेत मास्तरांनी मनानंच एक जून लावलाय."

"जून? छट! ज्वारी खळ्यावर पडली हुती. सांच्याला वारं सुटलं, समदी उफनायला पळाली, आन् घरात मी एकलीच..."

बारामतीची गाडी आली नि निघून गेली. उठावंसं कुणालाच वाटलं नाही.