निजू न दिलेल्या पेशी

एक दिवसाआड पेशींचं मीडियम बदलायचं, हे माझं ठरलेलं काम. मीडियम म्हणजे त्यांचं खाणंपिणं. ताजं असताना गुलाबी असतं, पेशी जगत राहिल्या की पिवळं पडत जातं. पिवळं झालं की ओढून काढायचं, नवं घालायचं, आणि फ्लास्क परत इन्क्युबेटरमध्ये ठेवायचा. आत माणसाच्या अंगाइतकी ऊब असते. दार उघडलं की ती तोंडावर येते. एखाद्याचा श्वास यावा तशी.

बेळगावात मी पेशीशास्त्रात पीएच.डी. करत होते. घर सदलग्याचं. आईनं, राजमतीनं, निम्मा जन्म निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत काढला आणि शेवटी जबड्याच्या कॅन्सरनं गेली. तिच्या ऑपरेशनसाठी माझ्या गाईड सरांनी ओळखीच्या सर्जनला स्वतः फोन केला होता. त्या उपकाराखाली मी मान वर करत नव्हते. आई गेल्यावर महिन्याभरात सरांनी एक नवी लाइन, म्हणजे एकाच पेशंटपासून वाढवत नेलेला पेशींचा वंश, माझ्या हाती दिली. तोंडाच्या कॅन्सरच्या पेशी, फ्लास्कवर नुसता नंबर.

त्या पेशी विचित्र होत्या. माझ्यासोबत काम करणारी सौम्या त्यांना हात लावायची आणि दोन दिवसांत त्या तळ सोडून तरंगायला लागायच्या, मेलेल्या. मी मीडियम घातलं की उधाण आल्यासारख्या वाढायच्या.

"तुझा हात लागतो त्यांना," सौम्या हसून म्हणायची.

त्या खोलीत अत्तरसुद्धा लावून जायची मनाई होती. तरी कधीकधी पेशी हाताळायच्या काचेच्या हूडसमोर बसलं की स्पिरिटच्या वासाखालून तंबाखूच्या धुळीचा वास यायचा. आईच्या पदराला असायचा तोच. मी मनाला समजावलं, दुःख आहे, नाकातही राहत असेल.

मग हिवाळ्यात बाहेरगावचे काही प्राध्यापक लॅब बघायला आले. मी हूडच्या काचेमागं होते. सर त्यांना माझ्या हातातला फ्लास्क काचेतून दाखवत म्हणाले, "आमची स्वतःची लाइन. पेशंट निपाणी भागातली, तंबाखू कामगार. आमच्याच एका विद्यार्थिनीची आई. त्यामुळं हिस्टरी अगदी पक्की मिळाली."

फ्लास्क माझ्या हातातून पडला नाही. मी तो इन्क्युबेटरमध्ये ठेवला, दार लावलं.

संध्याकाळी त्यांच्या केबिनमध्ये गेले. "सर, विचारायला हवं होतं."

"ऑपरेशननंतर कापलेली गाठ फेकूनच देतात, निशा," ते शांतपणे म्हणाले. "तुझी आई गेली, पण तिचं काहीतरी कामाला आलं. पेपरमध्ये तुझंही नाव येईल."

"कुठं?"

"आभारात येईल की."

मी आप्पांना फोन केला. माझे वडील, पारिसा आप्पा, शेतातच होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"आपण तिला जाळून आलो न्हवं?" त्यांनी विचारलं.

"आलो."

"मग हे... जित्तं हाय व्हय?"

"हाय, आप्पा."

रविवारी दुपारी ते चिकोडीमार्गे एसटीनं आले. लॅबमध्ये कुणी नव्हतं. पेशींच्या खोलीला खिडकी नाही. इन्क्युबेटरचा लाल दिवा आणि फ्रीजची घरघर, एवढंच. मी फ्लास्क सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. आप्पांनी टोपी काढली, देवळात वाकावं तसे वाकले आणि डोळा लावला.

मला वाटलं, रडतील. ते हललेही नाहीत. मग हळूच म्हणाले, "व्हय... जेवलो."

"आप्पा, कुणाशी बोलताय?"

"गप. ती इचारतीय..."

मला काहीच ऐकू येत नव्हतं. फक्त तो वास आला, घशात खवखवण्याइतका दाट.

"लई दमलीय म्हंती," आप्पा म्हणाले. त्यांचा डोळा अजून भिंगावरच होता. "निजू देत न्हाईत. जरा डोळा लागला की पुन्ना खायाला घालत्यात... पुन्ना वाढाय लावत्यात..." ते थांबले. "कोण घालतंय गं खायाला?"

त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि त्यांना कळलं.

मी कपाटातून ब्लीचची बाटली काढली. जन्मभर दिवे लागायच्या आत जेवलेला, पायाखाली किडा येऊ नये म्हणून खाली बघून चालणारा तो जैन माणूस पुढं आला.

"आण हिकडं. तू वतू नगंस," ते म्हणाले. "पाप लागलंच तर मला लागू दे."

एकेका फ्लास्कात त्यांनीच ब्लीच ओतलं, णमोकार पुटपुटत. गुलाबी रंग विरत गेला, पाणी पांढुरकं झालं. नंतर मी त्याच पेशींच्या गोठवून ठेवलेल्या कुप्याही काढल्या आणि त्यांचंही तेच केलं. वास गेला. बसस्टँडवर आप्पा म्हणाले, "आता निजली."

सरांनी माझी नोंदणी रद्द करवली. लॅबची मालमत्ता नष्ट केली, असं कारण दिलं. मी निपाणीच्या एका शाळेत विज्ञान शिकवायला लागले. सौम्याकडून कळलं, सरांचा पेपर आला. आभारात माझं नाव नव्हतं.

परवा शाळा सुटताना एक फोन आला. शिवमोग्ग्याकडची मुलगी, संशोधन करणारी. कन्नडमध्ये बोलत होती, संकोचून. सरांनी दोन वर्षांपूर्वी, मी लॅबमध्ये असतानाच, तिच्या लॅबला आमच्या पेशींची एक कुपी पाठवली होती. त्या पेशी आता त्यांच्याकडं फार जोरात वाढत होत्या, आणखी चार लॅबना पाठवून झाल्या होत्या. माझा नंबर तिला सौम्यानं दिला होता.

"काही अडचण आहे का?" मी विचारलं.

"पेशींची नाही, मॅडम. आमच्याकडं मराठी कुणालाच येत नाही... म्हणून एका वाक्याचा अर्थ विचारायचा होता. इन्क्युबेटर उघडला की ऐकू येतं."

आणि अर्थ न कळता, एकेक अक्षर सुटं करत, तिनं ते मला म्हणून दाखवलं. "निशे... निजू दे की गं."

मी विचारलं, "कोण... एक बाई म्हणते का?"

"एक नाही, मॅडम. मोजता येत नाहीत इतक्या जणी आहेत. आवाज मात्र सगळ्यांचा एकच आहे..."