टॅलबर्टांचं पाचवं लेकरू

मॉरिसव्हिलमधल्या आश्लेषा-परीक्षितच्या कॉलनीच्या मागच्या टोकाला, पाइनच्या झाडांत, लोखंडी कुंपणाआड एक जुनी दफनभूमी होती. सहा दगड, त्यांवरची अक्षरं झिजलेली. तिथे क्लबहाउस बांधायचं ठरलं, तेव्हा थडगी हलवण्याआधी त्या घराण्याचे वंशज शोधणं भाग होतं. कॉलनीच्या कमिटीत आश्लेषा होती, दिवसभर डेटाबेसमध्येच डोकं घालून बसायची तिला सवय. तिने काम अंगावर घेतलं.

रॅली शहरातल्या सरकारी अभिलेखागारात तिला घराणं सापडलं. जोसाया टॅलबर्ट १७५८ साली बायको हॅनाला घेऊन व्हर्जिनियातून आला. इथली जमीन एका इंग्रज लॉर्डाकडून मिळवली, जंगल तोडून तंबाखू लावला. मृत्युपत्रात चार मुलं. दगड सहा. हिशेब चोख जुळत होता.

त्याच सुमारास तिच्या सासूबाई, रत्नाबाई, नागपूरहून सहा महिन्यांसाठी आल्या होत्या. दुपारी घरात करमेना, म्हणून त्या कुंपणाशेजारच्या बाकावर जाऊन बसत. एकदा जेवताना म्हणाल्या, की तिथे एक बाई येते, गप्पा होतात. आश्लेषाला वाटलं, असेल कुणाची तरी आजी. पण आईंना तर इंग्रजीचा गंध नव्हता.

"कोणत्या भाषेत बोलता, आई?"

रत्नाबाईंनी पोळीचा तुकडा मोडला. "ते काही लक्षात आलं नाही बाई. पण कळतं सगळं. पाच लेकरं आहेत तिला. धाकटी ताबीता, जन्मापासून पांगळी. ती गेल्यावर नवऱ्याने तिला बाकीच्यांत जागा दिली नाही, लाजेखातर."

आश्लेषाने हे नवऱ्याला, परीक्षितला सांगितलं. तो म्हणाला, आईला एकटेपणा आलाय, तिला वीकेंडला फिरवून आणू. फिरवून आणलंही. पुढच्या आठवड्यात एका फिरत्या पाद्र्याची बाप्तिस्म्याची वही आश्लेषाच्या हाती आली. हॅना टॅलबर्टचं पाचवं अपत्य, टॅबिथा. पायाने अधू.

घरी येऊन आश्लेषाने सासूबाईंना विचारलं, ती मुलगी कुठे आहे म्हणते बाई?

"तुमच्या गाड्या उभ्या राहतात ना, तिथे खाली," रत्नाबाई म्हणाल्या आणि भाजी निवडत राहिल्या.

परीक्षितने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, "रिपोर्टमध्ये हे नको टाकूस यार. अख्खं गॅरेज खोदतील. घर विकताही येणार नाही पुढे." आश्लेषाने रिपोर्टमध्ये चार मुलं लिहिली. ओहायोतल्या एका दूरच्या वंशजाने ईमेलवर होकार दिला. रत्नाबाई परत गेल्यावर पंधरवड्यात सहाही थडगी गावाबाहेरच्या चर्चमागे हलवली गेली.

त्यानंतर गॅरेजचं दार दुपारी आपोआप उघडू लागलं.

आश्लेषा वरच्या खोलीत मीटिंगमध्ये असायची. खालून मोटरची घरघर यायची. जाऊन बघावं तर दार सताड उघडं, आणि सिमेंटच्या फरशीवर लाल माती. दुरुस्तीवाला येऊन गेला. दारात काही बिघाड नव्हता, दर वेळी कुणीतरी बाहेरच्या कीपॅडवर बरोबर नंबर दाबला होता.

फोनवर बोलता बोलता तिने हे सासूबाईंना सांगितलं.

"मीच सांगून ठेवलाय तिला," रत्नाबाई म्हणाल्या. "निघायच्या आदल्या दिवशी. लेकराला भेटायला कुठून जाणार ती?"

आश्लेषाने त्याच दिवशी नंबर बदलला. कुणालाच सांगितला नाही, परीक्षितलासुद्धा.

दुपारी दार उघडलं नाही. फक्त बाहेर बटणं दाबल्याचे बारीक आवाज येत राहिले. थांबून थांबून. पुन्हा पुन्हा. ऊन उतरल्यावर ते बंद झाले.

सकाळी नागपूरहून फोन आला.

"नंबर बदललास का गं?"

आश्लेषाने फोन कानाला धरूनच खाली जाऊन बघितलं, गॅरेजचं दार बंद होतं.

"दार उघडेना म्हणून इकडे आलीय बिचारी," रत्नाबाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता. "मी काय सांगणार तिला? घे, तूच बोल."

सासूबाईंच्या काचेच्या बांगड्यांची किणकिण फोनपासून लांब गेली. मग अगदी कानाशी कुणीतरी श्वास घेतला.