गॅलरीतले नळ

विश्वास ठेवा नाहीतर सोडून द्या, पण हे मी माझ्या कानांनी ऐकलंय. गेल्या थंडीत, ऐन दिवेलागणीला, मावशीच्या सातव्या मजल्यावरच्या घरात.

ती इमारत पोलादाच्या कारखान्यानं कामगारांसाठी बांधलेली. नुसतं काँक्रीट, रंगाचा पत्ता नाही. प्रत्येक मजल्यावर लांबच लांब गॅलरी आणि तिच्या टोकाला ओळीनं नळ. भट्टीवरून आलेल्या माणसानं तिथं हातपाय धुवायचे, मगच घरात शिरायचं, अशी आर्किटेक्टची कल्पना. अलीकडे कॉलेजची मुलं येऊन इमारतीचे फोटो काढायची. मावशी म्हणायची, "फोटोत उकाडा थोडाच दिसतो?"

कारखाना कधीचाच बंद पडला. आता इमारतही पाडणार होते. पाणी तोडलं, माणसं गेली.

एकटी मावशी हटून बसली होती.

सकाळी मशिनं येणार, म्हणून आईनं मला तिला आणायला पाठवलं. मी तासभर डोकेफोड केली. गंमत म्हणजे तिची बॅग भरून दाराशी तयार होती. मग घोडं अडलंय कुठं, असं मी वैतागून विचारलं.

तिनं मला गप्प राहायची खूण केली.

आणि...

गॅलरीत पावलं वाजली.

जड बुटांची. सावकाश.

त्या मजल्यावर आमच्याशिवाय कोणीही नव्हतं.

पावलं आमच्या दारावरून पुढे गेली. टोकाला थांबली. मग... नळ करकरला. मग शेजारचा. मग त्याच्या पुढचा...

पाण्याचा आवाज नाही.

मी मावशीचा हात घट्ट धरला. मावशी मात्र रडत होती.

"तुझे काका," ती म्हणाली.

काका भट्टीच्या स्फोटात गेले, तेव्हा मी तान्ही होते. जाळायलासुद्धा काही हाती लागलं नव्हतं.

"पाणी होतं तोवर रोज घरात यायचे गं. बसायचे. आता बाहेरूनच परत जातात. काळ्या हातांनी घरात यायचं नाही, हा माझाच नियम. न भेटता कशी निघू मी?"

माझ्या तोंडून कसं निघून गेलं, देव जाणे. "मग तसंच बोलाव ना त्यांना."

मावशी माझ्याकडे बघतच राहिली. हे तिला सुचलंच नव्हतं.

तिनं दार उघडलं.

"अहो, हात राहू द्या. तसेच या आत."

पावलं जवळ आली... उंबऱ्याशी थांबली...

मावशी अंग चोरून बाजूला झाली.

मी स्वयंपाकघरात पळाले. तिथून मला मावशीचं हळू बोलणं ऐकू येत होतं. मध्येमध्ये ती थांबायची, समोरच्याचं ऐकून घेतल्यासारखी. दुसरा आवाज मला आला नाही.

बऱ्याच वेळानं ती आत आली. "चल," म्हणाली.

गाडीत बसल्यावर डोळे पुसत म्हणाली, "तुला ओळखलं नाही त्यांनी. ही कोण, विचारत होते. म्हटलं, ताईची पोर. म्हणाले, केवढी झाली."

मी चटकन मागच्या सीटकडे पाहिलं.

"आपल्या घराचा पत्ता नीट समजावून सांगितलाय मी."

इमारत पडली. मावशी आता आमच्याकडे असते. संध्याकाळी दाराला कडी लावू देत नाही. आईची चिडचिड होते.

अजून कोणी आलेलं नाही.

कोणी आलंच, तर माझी पाचावर धारण बसेल, हे कबूल. पण तिचा चेहरा बघवत नाही हो. रोज जेवताना घास हातात धरून ती मला विचारते...

"पत्ता सापडत नसेल का गं त्यांना?"