उरलेली तीन मिनिटं

साल बासष्ट. मच्छीमार सोसायटीचं गजराचं घड्याळ छातीशी धरून प्रेमलता मालवणच्या धक्क्यावर आली, तोच लाँचच्या पोटातून काजळलेल्या तोंडाचा इंजिनवाला सहदेव वर आला आणि चक्क हसला. बाई गं! दातच तेवढे दिसले.

"माका बघूक येताना घड्याळ कित्याक गो?"

"इंजिन सुरू व्हायला किती वेळ लागतो, ते मोजायचंय," सोसायटीची ही नवी कारकुनीण ताठ मराठीत म्हणाली. "शनिवारी चेअरमन बघायला येणार. दहा मिनिटांत सुरू झालं नाही, तर इंजिन परत जाणार. मग तुम्ही—"

"मगे मी मुंबैक. गिरणीत." त्याचं हसू मावळलं.

सोसायटीचं पहिलंच इंजिन ते. दिव्याच्या जाळावर त्याचं डोकं लाल होईस्तोवर तापवायचं, मग जड चाकाला हिसका द्यायचा. डोकं तापल्याशिवाय स्वारी हलायची नाही! पहिल्या दिवशी सोळा मिनिटं लागली.

प्रेमलतेला चैन पडेना. इतकी कशाला लागतात? तिने तुकडे पाडून मोजलं — दिवा पेटायला दोन, डोकं तापायला बारा, चाकाला दोन. वारा पडलेल्या दिवशी मात्र डोक्याचं काम आठातच झालं. म्हणजे... वारा जाळ पळवतो! तिने रॉकेलचा डबा कापून आडोसा करायला लावला. सोळाची बारा झाली. पण त्याखाली काही उतरेना.

गुरुवारी तिला ताप आला, म्हणून मासळी घ्यायला निघालेली तिची आई गंगूच घड्याळ घेऊन गेली.

"नऊ," परत येऊन ती म्हणाली.

"नऊ? आये, नीट बघलंस मां?"

"मी काय आंधळी?"

शुक्रवारी पुन्हा प्रेमलता, पुन्हा बारा! या खेपेला ती घड्याळाकडे नाही, त्याच्याकडे बघत राहिली. डोकं केव्हाच लाल झालं होतं, आणि हा आपला फडक्याला हात पुसत तिच्याकडे बघतोय!

"ही तीन मिनिटं कसली?"

सहदेव ओशाळला. "इंजिन चालू झाला काय माका जावचा लागता... तू हयसर धक्क्यार रवतस."

पहिल्या दिवसापासून तिलाही तो आवडत होता, आता नाही कशाला म्हणा!

"आणि उद्या असोच रवलंस तर? मुंबैसून तू माका दिसतलंस?" घाईघाईत कचेरीची मराठी आणि अहो-जाहो, दोन्ही पाण्यात पडली.

शनिवारी वारा सुटला होता. चेअरमन येऊन उभे राहिले. दिवा पेटला, डोकं तापलं, सहदेवने मान म्हणून वर केली नाही. चाक फिरलं — भक्... भक्... भक्! साडेआठ मिनिटं!

"इंजिन ऱ्हवांदे," चेअरमन म्हणाले.

लाँच धक्क्यापासून सुटली, तेव्हा कुठे त्याने वर पाहिलं. प्रेमलता धक्क्याच्या टोकापर्यंत धावली.

"सांजेक ये! तुझी तीन मिनिटां माझ्याकडे उरली आसत!"

"तीनच?"

"ये तर खरो... मी घड्याळ घेवन येवचंय नाय!"